विनय कुणाचा मोडला?

मी एका मराठी बातम्यांच्या पोर्टलवर डेस्कला काम करतो. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी 'विनयभंग' हा शब्द टाइप करतो. इतक्यांदा, की फोनच्या कीबोर्डलाही तो पाठ झालाय. 'विन' एवढं लिहिलं की तो आधी 'विनयभंग' सुचवतो, 'विनंती' नंतर.

गेल्या वर्षी पुण्यात पालीच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं. कारण फार थोर नव्हतं. रविवार मोकळा जायचा, आणि लहानपणापासून अकोल्याच्या आमच्या वस्तीतल्या विहारात आजीच्या मांडीवर बसून जे म्हणत आलो, त्याचा अर्थ एकदा नीट कळावा असं वाटायचं. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मॅडमनी फळ्यावर लिहिलं : विनय. म्हणाल्या, मराठीत अर्थ सांगा. कुणी म्हणालं नम्रता, कुणी म्हणालं सभ्यपणा. माझ्या तोंडून 'भंग' निघालं आणि वर्ग हसला.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं आठवलंत. मग सांगा, पेपरात 'महिलेचा विनयभंग' लिहिता, तेव्हा मोडतो कुणाचा विनय?"

मी म्हणालो, "महिलेचा."

"पालीत विनय म्हणजे स्वतःला लावून घेतलेली शिस्त. आपल्या हातांची, जिभेची. आता त्या बातमीत कुणाची शिस्त मोडली?"

त्या रात्री ड्युटीला आलेली पहिली बातमी नेमकी तीच होती. बसमध्ये, चालत्या गाडीत. मी शीर्षक दिलं, बातमी सोडली आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. त्याचं कारण मॅडमचा प्रश्न एवढंच नव्हतं. ते पुढे सांगतो.

*

आधी शब्दांबद्दल. मला वाटतं, आपल्या पिढीची एक अडचण अशी आहे की वाईट वागण्यासाठी आपल्याकडे शब्द फार कमी उरलेत. चूक, गुन्हा, पाप. चुकीला 'जाऊ दे', गुन्ह्याला पोलीस आणि पापाला देव. आपण रोज जे एकमेकांशी करतो ते बहुतेक या तिन्हींच्या मधे कुठंतरी असतं, आणि तिथं शब्द नसल्यामुळे आपण ते उचलून सोयीनं 'चूक' या खान्यात टाकतो.

विनयपिटक वाचताना जाणवलं की हा मधला मोठा पट्टा तिथं नीट मोजून घेतलेला आहे. थेरवादी परंपरेत भिक्खूसाठी २२७ नियम आणि भिक्खुणीसाठी ३११. (हो, बायकांना जास्त. त्यावर वेगळा लेख होईल, आणि तो मी लिहिण्यापेक्षा एखादीनं लिहिलेला बरा.) पण आकड्यांपेक्षा मला गुंतवलं ते नियमांच्या गटांना दिलेल्या नावांनी. पाराजिक, संघादिसेस, अनियत, पाचित्तिय, पाटिदेसनीय, सेखिय. शिवाय थुल्लच्चय, दुक्कट, दुब्भासित. पहिल्यांदा ऐकले तेव्हा औषधांची नावं वाटली. मग एकेक उघडत गेला आणि कळलं, यांतले निम्मे तर आपल्याच घरातले आहेत. दुक्कट म्हणजे दुष्कृत. दुब्भासित म्हणजे दुर्भाषित. थुल्लच्चय म्हणजे स्थूल अत्यय, मोठा अतिक्रम. पाचित्तियाचं नातं 'प्रायश्चित्ता'शी जोडतात, आणि जुने टीकाकार मात्र चित्ताला पाडणारं ते पाचित्तिय, अशी फोड करतात. भाषाशास्त्रात ती टिकणार नाही, पण मला आवडते.

या सगळ्यांना मिळून एक शब्द आहे : आपत्ती. मराठीत आपत्ती म्हणजे पूर, भूकंप, आपत्ती व्यवस्थापन. बाहेरून येऊन कोसळते ती. पालीत आपत्ती म्हणजे ज्यात आपण जाऊन पडतो ते. तिथं भिक्खू आपत्तीत 'पडतो'. मुळातला धातू तोच, पडण्याचा. फक्त आपल्याकडे येईपर्यंत पडणारा माणूस बदलला. तिथं मी पडतो, इथं माझ्यावर काहीतरी पडतं. 'विनयभंग'चंही तसंच झालंय असं मला वाटतं. ज्यानं केलं तो वाक्यातून हळूच बाजूला सरकतो आणि जिच्यावर झालं तिच्याकडे सगळा शब्द जातो.

सगळ्यात मोठी गंमत 'शिक्षा'ची. आजीच्या तोंडी पंचशीलात रोज 'सिक्खापद' यायचं. मला लहानपणी वाटायचं, दारू प्यायली, चोरी केली तर शिक्षा होईल, असं ते सांगतंय. मराठी शाळेत जाणाऱ्या पोराला दुसरं काय वाटणार? छडी म्हणजे शिक्षा. पालीत सिक्खा म्हणजे शिकणं. सिक्खापद म्हणजे शिकण्याची एक पायरी. मराठीनं एकाच मुळापासून दोन पोरं काढली, एकाला शाळेत घातलं आणि दुसऱ्याला तुरुंगात : शिक्षण आणि शिक्षा.

सेखिय नावाच्या ७५ नियमांत तर मूळ पाठात अपराधाचं नावच नाही. अमुक शिकायचं आहे, एवढंच. जेवताना चपुचपु आवाज करायचा नाही, सुरुसुरु आवाज करायचा नाही, हे शिकायचं आहे. हे दोन्ही शब्द मूळचे आहेत, मी बनवलेले नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी कढी भुरकत होतं आणि शेजारच्याला ते सहन होत नव्हतं, हे वाचून मला त्या लोकांबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

*

आता जड बाजू.

पाराजिक चार. शरीरसंबंध, चोरी, मनुष्यहत्या, आणि चौथं वेगळंच आहे : आपल्याला न लाभलेली आध्यात्मिक अवस्था लाभली आहे असं जाणूनबुजून सांगणं. वज्जींच्या देशात दुष्काळ पडला असताना वग्गुमुदा नदीकाठच्या काही भिक्खूंनी युक्ती काढली. गृहस्थांसमोर एकमेकांची स्तुती करायची, हा ध्यान लाभलेला, तो अर्हत. लोक पोटाला चिमटा काढून यांना वाढत राहिले. पावसाळा संपला तेव्हा बाकीचे भिक्खू वाळलेले आणि हे गुटगुटीत. खून आणि हे एकाच गटात? वाचताना आधी नवल वाटलं. मग फोनवरचे दोन-चार 'गुरू' आठवले आणि नवल ओसरलं.

पाराजिकाचा अर्थ परंपरा 'पराजित' असा लावते. काही अभ्यासक तो जैन प्रायश्चित्तांतल्या शेवटच्या, सर्वांत कडक 'पारांचिक'शी जोडतात, म्हणजे पलीकडे काढलेला. हरलेला की बाहेरचा, हा वाद पंडितांचा. मला त्याच्या उपमा जास्त बोलक्या वाटतात. डोकं तुटलेला माणूस, देठापासून गळलेलं पिवळं पान, दुभंगलेली शिळा, शेंडा छाटलेलं ताडाचं झाड. यांत कुणी कुणाला शिक्षा देत नाहीये. गळलेल्या पानाला झाड शिक्षा करत नाही. ते परत चिकटत नाही, इतकंच.

पण पहिल्या पाराजिकाची कथा अशी कोरडी नाही. वेसालीजवळचा सुदिन्न. घरच्यांशी हट्ट करून, अन्न सोडून संघात आलेला. वंश बुडेल, संपत्ती लिच्छवी घेऊन जातील, निदान बीज तरी दे, असं आईनं विनवलं आणि तो पूर्वीच्या बायकोपाशी गेला. तोवर असा नियमच नव्हता. म्हणून त्याला आपत्ती नाही. विनयाचं हे तत्त्व आहे, ज्याच्यावरून नियम झाला त्या पहिल्या माणसाला तो लागू नाही. कायदा म्हणून बिनचूक. आणि तरी ग्रंथ सांगतो की सुदिन्न वाळत गेला, पिवळा पडला, शिरा दिसायला लागल्या. सोबत्यांनी विचारलं, तुला झालंय काय? जे झालं त्याला अजून नाव नव्हतं. नाव नंतर आलं. वाळणं आधी.

मी ही कथा मेट्रोत, फोनवर वाचली. वनाझला उतरायचं होतं. उतरलो नाही वेळेवर.

*

सात वर्षांपूर्वी आमच्या इंजिनियरिंगच्या बॅचची स्टडी टूर होती. रात्रीची बस. दिवे बंद. माझ्या पुढच्या सीटवर आमच्यातली एक मुलगी खिडकीशी झोपली होती, शेजारी माझा मित्र येऊन बसला होता. पुढे काय झालं ते मी सविस्तर लिहिणार नाही. ती माझी गोष्ट नाही. त्यानं हात लावला, ती जागी झाली, तिनं हात झिडकारला, उठून पुढे ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली. हे मी बघितलं. मी जागा होतो.

परत आल्यावर तिनं तक्रार केली. सरांनी मला बोलावलं. "तू मागच्याच सीटवर होतास ना?"

"सर, मला झोप लागली होती."

साक्षीदार नाही म्हणून 'गैरसमज' ठरला. तिनं वर्ष पूर्ण केलं, पण आमच्या कुणाशी बोलली नाही.

आणि त्याच आठवड्यात होस्टेलच्या खोलीत मित्रानं आम्हाला सगळं सांगितलं होतं. रडला. चुकलं माझं, म्हणाला. आम्ही चौघं होतो. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर हात ठेवला. जाऊ दे रे, होतं असं. त्या रात्री मला खरंच वाटलं होतं की काहीतरी चांगलं घडलं. त्यानं कबूल केलं, आम्ही माफ केलं.

विनयात दुसऱ्या संघादिसेसाची कथा उदायी नावाच्या भिक्खूची आहे. एक ब्राह्मण बायकोला घेऊन त्याचा देखणा विहार बघायला येतो. खोल्या दाखवता दाखवता उदायी त्या बाईच्या अंगाला हात लावतो. बाहेर आल्यावर नवरा उदायीचं कौतुक करत असतो, किती अगत्यानं दाखवलं. मग ती सांगते काय झालं ते. आणि तो माणूस जे बोलत सुटतो त्याचा आशय असा, की असं असेल तर चांगल्या घरच्या बायकांनी विहारात यावं तरी कसं? त्यावरून नियम झाला. हात धरणं, वेणी धरणं, कुठल्याही अवयवाला वासनेनं स्पर्श करणं. तिसऱ्यात अश्लील बोलणंही आलं.

संघादिसेस म्हणजे ज्याच्या आरंभी आणि शेषात, म्हणजे पुढच्या सगळ्या टप्प्यांत, संघ लागतो ते. दुसऱ्या काही परंपरांत 'संघावशेष' म्हणतात. कोणतीही फोड घ्या, मुद्दा हा, की हे एकट्यानं किंवा दोन मित्रांत मिटवता येत नाही. खालच्या पायरीची आपत्ती एका भिक्खूपुढे सांगून हलकी होते. ही होत नाही. आधी जितके दिवस लपवलं तितके दिवस परिवास. मग सहा रात्री मानत्त. मग किमान वीस भिक्खूंच्या संघानं त्याला परत आत घ्यायचं, त्याला अब्भान म्हणतात. विसांत एक जरी कमी असला तर तो आत आला असं होत नाही, उलट ज्यांनी घेतलं त्यांनाच दोष लागतो.

जितके दिवस लपवलं तितके दिवस. मी फोनमधलं कॅल्क्युलेटर उघडलं होतं. अडीच हजारांच्या वर आकडा आला.

परिवासात असलेल्या भिक्खूला शेवटचं आसन, शेवटची शय्या, शेवटची खोली. इतर भिक्खूंसोबत एका छपराखाली राहायचं नाही. आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या भिक्खूला स्वतःहून सांगायचं, मी अमुक केलं आहे, मी परिवासात आहे. जानेवारीत आमचा वर्ग कान्हेरीला गेला होता. बोरिवलीच्या जंगलात कातळात शंभराहून जास्त लेणी, दगडी ओटे, पाण्याची टाकी. बाकीचे चैत्यगृहात फोटो काढत होते. मी वर, अगदी कडेची एक लहान खोली बघून आलो. आत ओटा, बाहेर दोन पायऱ्या. इथं परिवासातला कुणी राहिला असेलच असं काही नाही. पण बसून पाहिलं. पावसाळ्यात एखादा पाहुणा भिक्खू भिजत वर चढून आला असेल, आणि पाणी विचारायच्या आधी याला आपली गोष्ट सांगावी लागली असेल.

अपमान आहे का हा? आहे. पण बघा, त्याला बाहेर काढलेलं नाही. त्याच्या जेवणाची, झोपण्याची जागा ठरलेली आहे. किती दिवस ते ठरलेलं आहे. परत यायची वाट ठरलेली आहे. मूलसर्वास्तिवादी विनयात तर पाराजिक घडलेल्यालाही, त्यानं क्षणभरही न लपवता सांगितलं तर, आयुष्यभर खालच्या जागी का होईना पण संघात राहायची सोय आहे. त्याला म्हणतात 'शिक्षादत्तक'. मराठी कान म्हणतो, शिक्षा दिलेला. अर्थ आहे, ज्याला पुन्हा शिकू दिलं आहे तो.

आमच्याकडे दोनच वाटा होत्या. त्याचं करिअर संपवायचं किंवा 'गैरसमज' म्हणायचं. आम्ही दुसरी घेतली आणि तिला मैत्री म्हणालो.

*

आता माझ्या स्वतःच्या आपत्तीचं नाव शोधायला बसलो. हा थोडा बालिश खेळ आहे, मी भिक्खू नाही. पण सवय लागली होती.

पाचित्तियांत पहिलाच नियम : जाणूनबुजून खोटं बोलणं. 'झोप लागली होती.' हे सापडायला वेळ लागला नाही. चौसष्टावा : दुसऱ्या भिक्खूची गंभीर आपत्ती माहीत असून लपवणं. हेही. मग नववा वाचला आणि थबकलो. भिक्खूची गंभीर आपत्ती, संघानं ठरवलेलं नसताना, बाहेरच्या माणसाला सांगणं, हेसुद्धा पाचित्तिय. म्हणजे लपवलं तरी दोष, गावभर केलं तरी दोष. आधी चिडलो. संस्था स्वतःची अब्रू अशीच वाचवतात. माझ्या कामात मी हे रोज बघतो, 'अंतर्गत समिती चौकशी करेल' हे वाक्य किती वेळा छापलंय त्याला गणती नाही. ती चीड अजूनही गेलेली नाही, आणि ती जावी असं मला वाटतही नाही. पण दुसरी बाजू अशी, की आपल्याला आता नवव्याची उलटीच सवय आहे. स्क्रीनशॉट काढायचा आणि टाकायचा. ज्यांना तो माणूस माहीत नाही ते हजार जण त्याला फोडून काढतात, आणि जे चाळीस जण त्याच्यासोबत रोज जेवतात ते गप्प. विनय त्या चाळीसांना पकडतो. तू जवळ आहेस, तू बोल.

अजून एक नियम आहे, लहानसा, आणि त्यानं माझी झोप उडवली. ज्या दोघांची आपत्ती एकाच प्रकारची आहे त्यांनी ती एकमेकांपुढे सांगून मोकळं व्हायचं नाही. ज्याच्या हातून ती घडलेली नाही अशाच्या पुढे सांगायची.

होस्टेलच्या त्या खोलीतले आम्ही चौघं. नंतरच्या वर्षांत, दारूवर, कुणी कुणी काय काय सांगितलं ते आठवलं. 'होतं असं' म्हणताना आम्ही त्याला माफ करत नव्हतो. आपापली सोय करून ठेवत होतो.

*

इथं मला एक आक्षेप घ्यायचाय, विनयावरच. या सगळ्या व्यवस्थेत ती बाई कुठं आहे? उदायीनं जिला हात लावला ती सांगते, नवरा बोलतो, नियम होतो, परिवास होतो, वीस भिक्खू जमतात. तिला पुढे काय मिळालं? तिच्याकडे कुणी गेलं का? संघादिसेसाच्या विधीत तिच्यासाठी जागा नाही. आपत्ती ही भिक्खूची आणि संघाची बाब. शब्द करणाऱ्यावर ठेवण्याची ही दुसरी बाजू आहे, आणि मॅडमना मी हे म्हणालो तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." त्यांनी सारवासारव केली नाही.

दोन ठिकाणी मात्र फट दिसते. 'अनियत' नावाचे दोन नियम आहेत, म्हणजे आपत्ती कोणती ते अजून ठरलेलं नाही. भिक्खू एखाद्या स्त्रीसोबत आडोशाला बसलेला दिसतो, आणि जिच्या शब्दावर विश्वास ठेवावा अशी उपासिका ते सांगते. मग तो काय कबूल करतो किंवा ती काय सांगते, त्यावरून आपत्ती ठरवायची. ग्रंथातलं पुढचं स्पष्टीकरण भिक्खूच्या कबुलीकडेच झुकतं, हे खरं. पण नियमाच्या पाठात तिचा शब्द आहे. आणि ज्या बाईच्या सांगण्यावरून हे नियम झाले तिचं नाव विशाखा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल १९९७ साली सुप्रीम कोर्टानं घालून दिलेल्या नियमांनाही आपण 'विशाखा'च म्हणतो. ते नाव अर्जदार संस्थेचं, या विशाखेशी त्याचा संबंध लावायचं मला कारण नाही. तरी तो शब्द दोन्हीकडे दिसला तेव्हा अंगावर काटा आला, हे सांगायला हरकत नाही.

दुसरी फट सुधम्माची. मच्छिकासंडचा चित्त नावाचा गृहस्थ होता. त्यानं आपल्याला न विचारता इतर भिक्खूंना जेवायला बोलावलं म्हणून सुधम्म भिक्खू त्याला लागेल असं बोलला. संघानं ठरवलं, जा आणि चित्ताची क्षमा माग. सुधम्म गेला, पण त्याला तोंड वर करता येईना, तसाच परत आला. मग संघानं त्याच्याबरोबर एक सोबती दिला. त्याला अनुदूत म्हणतात. याला जमलं नाही तर सोबत्यानं बोलायचं. क्षमा मागायला माणसाला सोबत लागते, हे ज्यांना सुचलं ते लोक माणसं ओळखत होते.

एक शब्द राहिला, तो सोडवत नाही. कुणाला जातीवरून, कामावरून, आजारावरून हिणवलं तर पाचित्तिय. आणि तेच फक्त गमतीत म्हटलं, मन दुखवायचा हेतू नव्हता, तर? तर दुब्भासित. हलकं, पण आपत्तीच. होस्टेलला माझ्या आडनावावरून चार वर्षं गंमत चालायची. 'अरे गंमत होती' याच्यापुढे मला कधी काही बोलता आलं नाही, कारण गमतीसाठी माझ्याकडे शब्द नव्हता. त्याच पोरांच्या खोलीत, त्याच मित्राच्या पाठीवर मी हात ठेवला होता. मी का ठेवला, याचा विचार करतो तेव्हा वाटतं, त्या रात्री मी पहिल्यांदाच त्यांच्यातला एक होतो.

*

महिन्यातून दोनदा उपोसथाला पातिमोक्ख म्हणायचं. म्हणणारा तीन तीनदा विचारतो, तुम्ही यात शुद्ध आहात ना? जो गप्प, तो शुद्ध धरला जातो. म्हणून आठवत असूनही गप्प राहणं हे जाणूनबुजून खोटं बोलणं ठरतं. त्याला दुक्कट म्हटलंय. मी सात वर्षांत बॅचच्या ग्रुपवर किती वाढदिवसांना केक टाकले असतील.

दुसऱ्याला दोष दाखवण्याआधी पाच गोष्टी पाहायच्या असंही सांगितलंय : वेळ योग्य आहे का, खरं आहे का, शब्द मऊ आहेत का, त्यानं कुणाचं भलं होणार आहे का, मनात मैत्री आहे का. दोष माझाच होता, तरी मी ते स्वतःला लावून पाहिले. तिला मेसेज करायचा? सात वर्षांनी, अचानक, माझं ओझं हलकं व्हावं म्हणून? चौथ्या प्रश्नाशी अडकलो.

मग एका मैत्रिणीला फोन केला, जी तिच्या संपर्कात आहे. तिला सगळं सांगितलं. आधी ती मला भरपूर बोलली. मग मी विचारलं, तू फक्त एवढं विचारशील का, की तिला माझ्याकडून ऐकायचं आहे का? नाही म्हणाली तर मी पुन्हा विषय काढणार नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. "ती म्हणते, तो जागा होता हे मला तेव्हापासून माहीत आहे. मला सांगून काय करणार? ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. माझं नाव घेऊ नको."

बॅचच्या ग्रुपवर एकेचाळीस जण आहेत. रविवारी रात्री लिहिलं. तिचं नाव नाही, त्याचंही नाही. स्टडी टूरच्या रात्रीबद्दल सरांनी मला विचारलं होतं. मी झोपलो होतो असं सांगितलं. मी जागा होतो. जी तक्रार झाली होती ती खरी होती.

पहिल्या तासात तेवीस जणांनी वाचलं. कुणी काही लिहिलं नाही. दोघं ग्रुपमधून बाहेर पडले, त्यांतला एक त्या खोलीतला. मग एका मुलीचा वेगळा मेसेज आला, जिच्याशी मी कॉलेजात कधी बोललोही नव्हतो. त्यात फक्त दुसऱ्या एका ट्रिपचं वर्ष होतं आणि 'तेव्हाही कुणी तरी जागं होतं' असं लिहिलं होतं.

साडेअकराला मित्राचा फोन आला. मी उचलला.